बराबर दोन-दोन मग

त्या पावसाळ्यात साधना मुनेश्वरला एक गोष्ट काही केल्या कळत नव्हती. पांढऱ्या टबातल्या बेडूकमाशांना इतक्या लवकर पाय का फुटले?

तसं पाय फुटायला कुणाची हरकत नव्हती. बेडूकमाशाचा जन्मच त्यासाठी. पण त्यांचं एक वेळापत्रक ठरलं होतं, निदान साधनाच्या वहीत तरी ठरलं होतं. लाल टबातल्यांनी आधी पाय काढायचे, शेपूट जिरवायची, आणि पांढऱ्यातल्यांनी आठ-दहा दिवस मागून निवांत यायचं. प्रत्यक्षात दोन्ही टबांतली मंडळी एकाच मंगळवारी जोडीने पाय पसरून बसली. नेरच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या मागच्या खोलीत, साधना हातात भिंग घेऊन कितीतरी वेळ उभी राहिली. एकदा लाल टब, एकदा पांढरा टब. मग तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. पाय होतेच.

साल दोन हजार सातचं. कापसापायी शेतकरी जीव देत होते, जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर येत होतं. बाहेरगावची माणसं गाड्या घेऊन यायची, फॉर्म भरून घ्यायची, "तणाव वाटतो का? कमी, मध्यम की जास्त?" असं विचारायची आणि चहा पिऊन निघून जायची. लोकही सराईत झाले होते. फॉर्मवाला दिसला की लांबूनच "जास्त" म्हणून मोकळे व्हायचे. अशा दिवसांत ही पोरगी बेडकांच्या तणावावर पीएच.डी. करत होती. स्टाफरूममध्ये तिची चेष्टा व्हायची ती काही उगाच नाही.

तिला मात्र त्या चेष्टेचं काही नव्हतं, कारण विषय तिला मनापासून आवडला होता. डबकं आटायला लागलं की बेडूकमाशाच्या अंगात एक हॉर्मोन वाढतं. संकटात माणसाच्या अंगात वाढतं तसलंच. ते हॉर्मोन थेट पेशीत शिरतं आणि तिथली काही जनुकं कामाला लावतं. मग पाय भराभर वाढतात, शेपूट जिरते, आणि पाणी संपायच्या आत तो जीव बेडूक होऊन काठावर उडी मारतो. वाचतो खरा, पण घाईत झाल्यामुळे लहानखुरा राहतो. आणि एकदा शेपूट जिरायला लागली की मग त्याला कितीही पाणी दाखवा, माघार नाही.

हे सगळं तिने लॅब अटेंडंट वाहिदचाचांना पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. चाचा एकतीस वर्षं त्या खोलीत होते, डिसेंबरात निवृत्त व्हायचे होते. साधना तिथे विद्यार्थिनी होती तेव्हापासून तिला ओळखायचे; चारचौघांत मॅडम म्हणायचे आणि दोघंच असले की बेटा.

"ह्या लाल टबात काय टाकून राह्यली बेटा?" त्यांनी विचारलं होतं.

"टेन्शनचं औषध, चाचा."

"कमी कराचं?"

"वाढवाचं."

चाचांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "इथं माणसायले टेन्शन कमी हाय काय, का तू बेडकायलेबी देऊन राह्यली?"

साधना पोटभर हसली. मग तिने त्यांना लग्नाच्या पंगतीचं उदाहरण दिलं. आचारी हजर असतो, सामान हजर असतं, पण 'पंगत बसली' असं कुणी येऊन सांगितल्याशिवाय कढई चढत नाही. जनुकांचं तसंच. बेडूकमाशाच्या गळ्यातल्या ग्रंथीचं हॉर्मोन ते सांगायला येतं. पण त्याच्यामागून हे टेन्शनचं हॉर्मोन ओरडत आलं, 'लवकर वाढा, पाव्हने उठून चालले,' तर आचारी काय करेल? घाईघाईत कच्चंपक्कं काढून देईल. लहानखुरा बेडूक म्हणजे ते कच्चंपक्कं.

"आन् पांढऱ्या टबातल्यायले?" चाचांनी विचारलं.

"त्यायले काहीच नाही. लालवाल्यायशी तुलना कराले कोणीतरी पाह्यजे ना. त्याले कंट्रोल म्हणतात."

"काईच नाई?"

"काहीच नाही."

चाचांनी मान डोलावली. त्यांना कळलं असं साधनाला वाटलं, आणि त्यांनाही तसंच वाटलं.

या पांढऱ्या टबावरच तिचं सगळं अडकलं होतं. पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती, दुसऱ्यांदा वाढणार नव्हती. कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जूनमध्ये बोलावलं तर यायचं, नाही बोलावलं तर घरी बसायचं, पीएच.डी. झाली तरच कायम व्हायची आशा. अमरावतीच्या तिच्या सरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "यंदाचा पावसाळा शेवटचा, साधना. कंट्रोल स्वच्छ आला तर ऑगस्टअखेर अहवाल दे. नाही आला तर माझ्याही हातात काही नाही."

आणि नेमका कंट्रोलच असा वागत होता.

बरं, औषध बिघडलं म्हणावं, तर तेही बसेना. लोडशेडिंगपायी फ्रिज दिवसातून बारा तास बंद असायचा, त्यामुळे तिला पहिली शंका तीच आली. पण औषध बिघडलं असतं तर लालवाले मागे पडले असते. इथे तर पांढरेच वेळेआधी पळत होते! अंडी सगळी एकाच डबक्यातली, अमरावती रोडवरच्या एका पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावराच्या कडेची. उरलेली भावंडं तिने कॉलेजमागच्या सिमेंटच्या हौदात सोडली होती. ती तिथे गुबगुबीत होऊन शेपटी हलवत फिरत होती, आणि पायांचा अजून पत्ता नव्हता. म्हणजे खोलीत काहीतरी होतं. काय होतं?

तिने टब खिडकीपासून दूर केले. टिनाच्या छताखाली ऊन तापतं म्हणून वरून पोतं बांधलं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची शंका आली म्हणून दोन दिवस बादलीत ठेवून निवळलेलं पाणी वापरलं. गर्दी झाली असेल म्हणून मोजून पाहिलं, दोन्हीकडे तीस-तीस. पालक जास्त शिजला असेल म्हणून कमी शिजवला. शेवटी शेपटीचे बारीक तुकडे कापून, बर्फाच्या डब्यात घालून एस.टी.ने नागपूरच्या एका प्रयोगशाळेत पाठवले, म्हणजे आत कुठली जनुकं किती कामाला लागली आहेत ते तरी कळेल. आठवड्याने तिथल्या बाईंचा फोन आला.

"मॅडम, तुमच्याकडून चिठ्ठ्या तर बदलल्या नाहीत ना? दोन्ही टबांचे आकडे जवळजवळ सारखेच आहेत. लालमध्ये अपेक्षेपेक्षा कमी, पांढऱ्यात नको तितके जास्त."

चिठ्ठ्या बदलल्या नव्हत्या. साधनाने तीनदा तपासल्या होत्या. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आपल्याला हा विषयच कधी कळला नव्हता की काय.

रोज संध्याकाळी हे सगळं ती मोनालीला सांगायची. मोनाली तिची धाकटी बहीण, बारा वर्षांची, सातवीत. आई-बाबा तिकडे मुकुटबनला शेतीवर, आणि या दोघी नेरला रशीदाभाभींच्या घरी एक खोली भाड्याने घेऊन. मोनालीला शिकायला बहिणीकडे ठेवलं होतं. साधनाला बोलायला दुसरं होतं तरी कोण? संध्याकाळी मोनाली तांदूळ निवडायला बसली की साधना समोर पाय पसरून सुरू व्हायची. सर काय म्हणाले, स्टाफरूममध्ये कोण काय बोललं, आईचा फोन आला तो दुबार पेरणीचा होता, बाबा जेवत नाहीत, नोकरी गेली तर पुढे काय. सगळं सांगून झालं की तिला मोकळं मोकळं वाटायचं आणि भूक लागायची.

मोनाली लक्ष देऊन ऐकायची. मधूनच शहाण्यासारखं विचारायची.

"ताई, तू टब अदलाबदली करून पाह्यले काय? लालची जागा पांढऱ्याले?"

"पाह्यले. काही फरक नाही."

"मंग सरले आताच नको सांगू. आधी पाहू."

रशीदाभाभी दारातून हे ऐकायच्या आणि कौतुक करायच्या. "किती समजदार हाय तुमची मोनाली! आमची अतिया तिच्याच वयाची, पण दिवसभर लंगडी. इले पाहा, मोठी बाईच झाली." साधनाला त्याचा अभिमान वाटायचा. शाळेच्या रांगेत मोनाली उंचीने कमी म्हणून सगळ्यात पुढे उभी राहायची, पण अक्कल पहा म्हणावं.

ऑगस्टच्या वीस तारखेला सरांचा पुन्हा फोन आला. आता दहा दिवस. त्या संध्याकाळी साधना मोनालीपुढे रडली. मोनालीने तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि "होईन सारं बराबर," म्हणाली. दुसऱ्या दिवशी साधना सकाळी सातलाच कॉलेजात गेली. काय शोधायचं ते तिला माहीत नव्हतं. घरी बसवत नव्हतं एवढंच. एरवी ती दहाला यायची.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत वाहिदचाचा बाह्या सरसावून उभे होते. एका हातात निळा प्लॅस्टिकचा मग, दुसऱ्या हातात चहाची गाळणी. लाल टबावर गाळणी धरून त्यांनी अगदी हलक्या हाताने मग भरला, आणि जपून पांढऱ्या टबात ओतला.

"चाचा!"

चाचा दचकले नाहीत. "सलाम बेटा. आज लवकर आली?" म्हणाले, आणि दुसरा मग भरायला वाकले.

"चाचा, हे काय करून राह्यले तुमी?"

"माहं रोजचं काम हाय." चाचांनी दुसरा मग ओतला, मग पांढऱ्या टबातले दोन मग काढून लालमध्ये घातले. "दोन मग इकडून तिकडं, दोन मग तिकडून इकडं. बराबर दोन-दोन, कोणाशी बेइमानी नाई. गाळणी लावतो ना, एकाचं लेकरू दुसऱ्याकडे जाऊ नये म्हनून."

साधना स्टुलावर बसली. "कवापासून?"

"पयल्या दिवसापासून. तूच तं सांगतलं, लालवाल्यायले टेन्शन देल्लं, पांढऱ्यायले काईच नाई. म्या म्हनलं, हे कसं? सारं एकाच्याच डोस्क्यावर कायले?" त्यांनी मग पालथा घालून ठेवला. "आमच्या मोहल्ल्यात जिनिंग बंद पडली, तवा आमचा जावई जमीर घरी बसला. एकटा बसे. पागल व्हाची पाळी आलती. मंग रोज आमी सारे त्याच्यासंग ओट्यावर बसलो. तो सांगे, आमी ऐको. थोडं थोडं साऱ्यायनं घेतलं तं हलका झाला पोरगा. वाटून घेतलं का कमी होते बेटा, हे तं लहान लेकराले बी मालूम हाय."

साधनाला ओरडायचं होतं. आयुष्यात कुणावर ओरडली नव्हती तसं ओरडायचं होतं. दोन महिने! चष्मा पुसला, पोतं बांधलं, नागपूरपर्यंत शेपट्या पाठवल्या, आणि उत्तर हे? निळा मग आणि चहाची गाळणी? पण समोर तो म्हातारा अगदी शांत चेहऱ्याने उभा होता.

"मंग," चाचांनी विचारलं, "कमी झालं काय त्यायचं टेन्शन?"

ती स्टुलावरून उठली. पांढऱ्या टबातून एक नुकताच झालेला बेडूक उचलून काचेच्या बशीत ठेवला. करंगळीच्या नखाएवढा होता. तसलाच एक लाल टबातला काढून शेजारी ठेवला. मग ती मागच्या हौदावर गेली आणि ओंजळीत त्यांचं एक भावंड घेऊन आली. ते अजून बेडूकमासाच होतं, जाडजूड, चकचकीत, शेपटीने तळहातावर चापट्या मारणारं.

"हे पाहा चाचा. ह्याले काहीच मिळालं नाही. ह्याले घाईच नाही. खाऊन-पिऊन मोठं होईन, मंग बेडूक होईन." मग तिने बशी पुढे केली. "आन् हे दोघं. वाटून कमी नाही झालं. दोघायलेबी पुरलं."

चाचा बशीकडे बघत राहिले. चष्मा नसल्यामुळे त्यांनी बशी अगदी नाकाजवळ नेली. मग हळूच खाली ठेवली.

"म्हंजे ज्यायले काईच नव्हतं," ते म्हणाले, "त्यायले म्या देल्लं."

"तुमाले मालूम नव्हतं, चाचा."

"रोज देल्लं म्या. हातानं." त्यांनी गाळणी मगाशेजारी सारली. "बेटा, सायबायले माहं नाव सांग. डिसेंबरात तं जातोच हावो मी, काय करतीन माहं? तुहं नको बिघडू देऊ."

चाचा गेल्यावर ती तशीच बसून राहिली. एक वाट उघडी होती. हौदातल्यांचे आकडे कंट्रोल म्हणून लिहायचे, कुणाला कळणार? पण हौद बाहेर उघड्यावर, टब आत. हौदात शेवाळ, टबात पालक. तुलना खोटी झाली असती, आणि ते निदान तिला एकटीला तरी कळलं असतं. दुपारी तिने एस.टी.डी. बूथवरून अमरावतीला फोन लावला. "सर, कंट्रोलमध्ये हॉर्मोन मिसळलं गेलं. माझ्या खोलीत, माझ्या देखरेखीखाली." नाव सांगितलं नाही. सर म्हणाले, "मग संपलं, साधना."

घरी परतताना ती बाजाराच्या वळणावर चुकीच्या गल्लीत शिरली आणि तशीच पुढे चालत राहिली. चाचांचा राग येत नव्हता, आणि येत नाही याचाच त्रास होत होता. वाटून घेतलं की कमी होतं यात चुकीचं काय होतं? जमीर हलका झालाच होता की. ती स्वतः रोज संध्याकाळी हलकी होत नव्हती का?

इथे तिचे पाय थांबले.

रोज संध्याकाळी. तांदूळ निवडणाऱ्या पोरीसमोर पाय पसरून. नोकरीचं, सरांचं, दुबार पेरणीचं, बाबांच्या न जेवण्याचं. ती रोज मग भरभरून मोनालीत ओतत आली होती आणि मोकळी होऊन जेवत होती. गाळणीसुद्धा लावली नव्हती. आणि रशीदाभाभी म्हणाल्या, मोठी बाई झाली, तेव्हा हिला अभिमान वाटला! साधनाला स्वतःची इतकी लाज वाटली की बाजूच्या किराणा दुकानाच्या पायरीवर तिला बसावं लागलं.

घरी पोचली तेव्हा ऊन कलायचं होतं. अंगणात अतिया आणि चार-पाच पोरी खडूने आखलेल्या चौकोनात लंगडी खेळत होत्या. आत मोनालीने तांदळाचं ताट पुढे घेतलं होतं. ती वाटच बघत होती.

"काय झालं ताई? सांग."

"काही नाही झालं."

मोनालीची बोटं ताटात थांबली. "सरचा फोन?"

"काही नाही म्हटलं ना. तू जाय, खेळ. अतिया बलावून राह्यली."

मोनालीने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आई पाहायची तसं. "इतकं वाईट झालं काय," तिने हळूच विचारलं, "का मले सांगाजोगंबी नाही?"

सांगितलं तरी तेच, नाही सांगितलं तरी तेच. मग करायचं काय? कुठल्या पुस्तकात हे लिहिलं होतं? साधनाने मोनालीच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि तिला दाराबाहेर ढकललं. पोर गेली. पाच मिनिटांत परत आली.

"काहून आली?"

"दूध गॅसवर हाय. उतू जाईन." मग जरा थांबून म्हणाली, "आन् त्यायच्यात मले काय कराचं ते समजत नाही."

साधनाने गॅस बंद केला. ओढणी कमरेला बांधली, मोनालीचा हात धरला आणि तिला ओढतच अंगणात घेऊन गेली. "अतिया, आमाले दोघीले घ्या खेळाले," ती म्हणाली. पोरी खिदळायला लागल्या. कॉलेजातली मॅडम लंगडी खेळणार! साधनाने चपला भिरकावल्या, एक पाय उचलला आणि चौकोनात उडी घेतली. तोल गेला, सावरला. पोरी ओरडत पळाल्या. ती एका पायावर उड्या मारत त्यांच्यामागे धावली आणि मागे वळून हाका मारू लागली, "मोना, ये! ये ना!"

मोनाली चौकोनाबाहेर उभी होती. तिने साधनाच्या भिरकावलेल्या चपला गोळा करून, झटकून, छातीशी धरल्या होत्या. तिचं सगळं लक्ष बहिणीच्या त्या एका पायाकडे होतं.

"ताई, हळू," ती म्हणाली. "पडशीन."